उत्तमरावांचे दंडशोधन

खरे पाहता उत्तमराव परबांच्या मनात एवढेच आले होते की, देवाच्या पुस्तकात दोन जातींच्या काठ्या नसाव्यात. यात वाईट काय, असे कोणीही विचारील. तुळसाबाईंनीही तेच विचारले असते. परंतु दीर्घ संसारात त्यांना एक गोष्ट कळून चुकली होती की, आपल्या यजमानांच्या मनात जेव्हा 'एवढेच' येते, तेव्हा त्याच्यामागून बरेच काही येते. मागे एकदा 'देवघराची एवढीच खिळी सैल झाली आहे' असे म्हणून या गृहस्थांनी हातोडी उचलली होती आणि भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातले कॅलेंडर पाडले होते. (कॅलेंडरावर दत्तगुरू होते, म्हणून उत्तमरावांनी शेजाऱ्यांच्या आधी त्यांचीच क्षमा मागितली. शेजारी अजून वाट पाहत आहेत.)

उत्तमरावांची चाळ लालबागेत, मसाले कुटणाऱ्या दुकानांच्या पाठीमागे. तिथे मिरचीच्या खकाण्यापुढे देवाची उदबत्तीदेखील हात टेकते. गिरणीत ते टाइमकीपर होते. संपात गिरणी गेली, टाइम तेवढा राहिला. तो त्यांनी भजनी मंडळाच्या चिटणीसपदाला वाहिला. आता गिरणीच्या जागी काचेची इमारत उभी राहिली होती, चाळही पाडायची ठरली होती, आणि ज्याचे जे काही जपण्यासारखे होते ते जो तो बांधून ठेवीत होता.

मंडळापाशी जपण्यासारखे एकच होते. बुधाजीबुवांचे अभंग.

बुधाजीबुवा हे त्याच गिरणीत विणकर. साचा, म्हणजे माग, चालवता चालवता ते अभंग जुळवीत आणि रात्रपाळी सुटल्यावर मंडळात गात. लिहून ठेवण्याची त्यांना सवय नव्हती. ते गेले, अभंग उरले ते मंडळाच्या गळ्यात आणि त्यांच्या पत्नी आनंदीकाकी यांच्या मनात. यंदाच्या पुण्यतिथीला ते सारे छापून बुवांच्या तसबिरीपुढे ठेवावे असे ठरले. काकी त्यानंतर कायमच्या मालवणला भावाकडे जायच्या होत्या. त्यांची वळकटी बांधून तयार होती.

"पुस्तक हातात पडल्याशिवाय मी गाडीत बसूचंय नाय," त्यांनी बजावले होते. "आणि उत्तमा, तू मधी शहाणपण करू नको."

हे शेवटचे वाक्य उत्तमरावांनी ऐकले नाही असे नव्हे. त्यांनी ते विनोदात घेतले.

घरात संगणक होता तो सूनबाईंचा. सुमेधा एका कंपनीत काम करी; नवरा नोकरीसाठी परगावी, म्हणून संध्याकाळचा वेळ तिने या पुस्तकाला दिला. फारसे कोणी गात नसे ते अवघड अभंग काकी सांगत आणि सुमेधा टंकित करी. मंडळाच्या तोंडी असलेले सोपे अभंग स्वतः उत्तमरावांनी एका बोटाने टंकित केले. कागद कमी लागावा म्हणून छापखान्याने बजावले होते की, ओळी तोडायच्या नाहीत. अभंग सलग लिहावा आणि चरण संपला की दोन काठ्यांचा दंड घालावा. सुमेधाने आपल्या निम्म्या भागात मराठीतला खरा दंड घातला होता: ॥. उत्तमरावांना तो कळफलकावर सापडेना, म्हणून त्यांनी एंटरच्या वरच्या कळीवरची ताठ, सडपातळ, इंग्रजी रेघ दोनदा दाबून काम भागवले होते: ||. पुस्तक पुरे झाले तेव्हा त्यांच्या लक्षात आले की, सुमेधाचे दंड कसे अंगाने भरलेले, आणि आपले मात्र उपवासाने वाळलेले दिसतात.

"हे शुद्ध केले पाहिजे," ते म्हणाले.

"बाबा, सोपं आहे," सुमेधा पोळीचा घास हातात धरून म्हणाली. "शोधायच्या चौकटीत तुमच्या दोन काठ्या टाका, खालच्या चौकटीत खरा दंड टाका आणि 'रिप्लेस ऑल' दाबा. झालं. चहा निवायच्या आत होईल."

या 'झालं'ने उत्तमरावांचे मन खट्टू झाले. ज्या कामाला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही, त्याला ईश्वरसेवा म्हणावे कसे? शिवाय त्यांनी परळच्या नाक्यावरच्या एका संगणकवर्गात नाव घातले होते, ही बातमी अजून घरात फुटायची होती. ती त्यांनी त्या जेवणात फोडली.

"मी 'रेग्युलर एक्स्प्रेशन' शिकतो आहे."

तुळसाबाईंच्या हातातली आमटीची पळी थांबली. "हे काय आणखी?"

"प्रगत शोध. आपण शब्द द्यायचा नाही, शब्दाचा नमुना द्यायचा. यंत्र त्या नमुन्यात बसेल ते सारे शोधते आणि बदलून देते. वर्गातले शिवासर म्हणाले, हे ज्याला येते त्याला साध्या शोधाकडे पाहवतसुद्धा नाही."

वास्तविक उत्तमरावांना भुरळ पडली होती ती नावाची. 'रेग्युलर' हा शब्द गिरणगावात ज्याने ऐकला आहे त्यालाच त्यातली गोडी कळेल. आयुष्य बदलीत, म्हणजे दुसऱ्याच्या गैरहजेरीत मिळेल त्या पाळीवर, काढलेली माणसे 'रेग्युलर' होण्यासाठी नवस करीत. टाइमकीपरच्या खिडकीत बसून उत्तमरावांनी स्वतः किती जणांना 'आज बदली नाही' असे सांगून परत पाठवले होते. तेव्हा जी गोष्ट रेग्युलर, म्हणजे नेमाची, आणि जिच्यात बदलीचीही सोय, तिच्यात खोट असेल हे त्यांच्या मनाला शिवलेच नाही.

"मी ऑफिसात रोज वापरते ते," सुमेधा म्हणाली. "चांगलंच आहे. पण ज्याला एकच खूण बदलायची त्याला त्याची गरज नाही, बाबा."

"म्हणजे सामान्य माणसाने शिकूच नये?"

"शिकावं की. पण शिकायचं तर पुरतं शिकावं. अर्धं येत असेल तर त्यापेक्षा साधा शोध बरा."

"मी पुरते शिकलो आहे," उत्तमराव म्हणाले.

(येथे सत्याला थोडी बाधा येते. वर्गात टिंबाचा अर्थ शिकवला त्या दिवशी ते हजर होते, तारकेचा शिकवला तेव्हाही होते. उभ्या रेघेचा अर्थ ज्या दिवशी शिकवला ती एकादशी होती. त्या दिवशी उत्तमराव भजनात टाळ वाजवीत होते. यंत्राने बुडवलेले भजनी पुष्कळ आहेत. भजनाने यंत्रात बुडालेला हा पहिलाच असावा.)

"भाकरी थापायला घण कशाला हवा?" तुळसाबाईंनी विचारले, परंतु प्रश्न आमटीकडे पाहून विचारलेला असल्यामुळे उत्तमरावांनी त्याचे उत्तर देणे आमटीवर सोपवले.

दुसऱ्या दिवशी सुमेधा कामावर गेली आणि उत्तमराव स्नान करून, गंध लावून संगणकापुढे बसले. कार्य सिद्धीस जाणारच, या निष्ठेने त्यांनी आधी पुस्तकाच्या प्रारंभी संपादकाचे दोन शब्द लिहिले. त्यातले शेवटचे वाक्य त्यांना फार आवडले, म्हणून त्यांनी ते तुळसाबाईंना मोठ्याने वाचून दाखवले: "या ग्रंथात आरंभी || अशी अशुद्ध खूण होती, ती काढून आम्ही सर्वत्र ॥ अशी शुद्ध खूण केली आहे."

"केली?" तुळसाबाई म्हणाल्या.

"करतो आहे."

"मग आधी करा, मागनं लिहा."

"अगं, संकल्प आधी सोडतात."

मग त्यांनी शोधाच्या चौकटीत || लिहिले, बदलीच्या चौकटीत ॥ लिहिले, आणि इतके करून ते सुखाने थांबू शकले असते. परंतु त्या दोन चौकटींखाली एक तिसरी, अगदी लहान चौकट होती. तिच्यापुढे 'रेग्युलर एक्स्प्रेशन' असे लिहिले होते आणि ती रिकामी होती. गंधाविना कपाळ दिसावे तशी ती उत्तमरावांना दिसली. त्यांनी तिच्यात खूण केली. मनात पांडुरंगाचे स्मरण केले. बटण दाबले.

यंत्र क्षणभर विचारात पडले. (यंत्र विचार करू लागले की शहाण्याने उठून बाहेर जावे, परंतु हे ज्ञान मागाहून येते.) मग पडद्यावर जे उमटले ते पाहून उत्तमरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अभंग कुठेच नव्हते. काठ्याच काठ्या होत्या. प्रत्येक अक्षराच्या आधी दंड, नंतर दंड. काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे, मधे दंड. विठ्ठलाच्या 'वि'मधला 'व' एका काठीला टेकून उभा होता आणि त्याची वेलांटी पलीकडे पोरकी झाली होती. सारे पुस्तक एखाद्या बांबूच्या बेटासारखे दिसत होते.

"अगं," उत्तमराव क्षीण आवाजात म्हणाले, "जरा इकडे ये."

तुळसाबाई आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिले, यजमानांकडे पाहिले.

"शुद्ध झालं?" त्यांनी विचारले.

उत्तमरावांनी भीतीने कोपऱ्यातल्या लाल फुलीवर बाण नेला आणि दाबले. हेतू एवढाच होता की दृश्य दिसेनासे व्हावे. तोच यंत्राने इंग्रजीत प्रश्न केला: सेव्ह करायचे आहे का? उत्तमरावांना गिरणीत साहेबाच्या हाताखाली इंग्रजी शिकायला मिळाले होते. सेव्ह म्हणजे वाचवणे. या घटकेला वाचवण्यावाचून त्यांना दुसरे काय हवे होते? त्यांनी मोठ्या आशेने 'येस' दाबले. मग सावधगिरी म्हणून, सुमेधाने एक प्रत ठेवली होती त्या पेन ड्राइव्हवरही त्यांनी तेच वाचवले.

सुमेधा संध्याकाळी आली ती पायरीवरच थबकली. सासरे दारात उभे राहून स्वतः पाण्याचा तांब्या देत आहेत, हे चिन्ह तिला बरे वाटले नाही.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. दंड थोडे जास्त झाले."

तिने पर्स न काढताच पडद्यापुढे वाकून पाहिले. मग ज्या स्वरात लोक बँकेतल्या माणसाशी बोलतात त्या स्वरात तिने विचारले, "खालच्या लहान चौकटीत खूण केली होतीत?"

"केली होती."

"त्या शोधात उभ्या रेघेचा अर्थ 'किंवा' असा होतो, बाबा. हे किंवा ते. तुम्ही दोन रेघा दिल्या आणि अलीकडे, मधे, पलीकडे काहीच दिलं नाही. म्हणजे तुम्ही त्याला सांगितलंत, 'काहीच नाही' किंवा 'काहीच नाही' किंवा 'काहीच नाही', हे जिथे सापडेल तिथे दंड घाल. आणि 'काहीच नाही' कुठे नसतं? दोन अक्षरांच्या मधे ते असतंच!"

उत्तमरावांचे डोळे विस्फारले. क्षणभर ते आपला अपराध विसरले. "म्हणजे मी निर्गुणाचा शोध घेतला," ते हळूच म्हणाले. "आणि ते सर्वत्र सापडले!"

"अहो!" तुळसाबाई कडाडल्या. "पोरीच्या तोंडचं पाणी पळालंय आणि तुम्ही कीर्तन लावताय!"

"आई, थांबा. होईल नीट," सुमेधा म्हणाली. "मला सुचलंय काहीतरी. मी हातपाय धुऊन येते. बाबा, मी येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. माऊसलासुद्धा नाही. कळलं?"

"कळले."

ती मोरीत गेली. आतून पाण्याचा आवाज येऊ लागला, आणि त्या आवाजात उत्तमरावांच्या मनात पुन्हा 'एवढेच' आले. जास्तीचे झाले ते दंडच ना? मग दंडच काढून टाकावेत. आणि या खेपेला साधा शोध, ती तिसरी लहान चौकट रिकामी! सूनबाईंचाच मार्ग. तिला किती बरे वाटेल! त्यांनी वरच्या चौकटीत ॥ लिहिले, बदलीच्या चौकटीत काही लिहिले नाही, बटण दाबले. आणि काय आश्चर्य! बांबूचे बेट नाहीसे झाले, वेलांट्या आपापल्या अक्षरांना येऊन बिलगल्या, विठ्ठल पुन्हा सावयव उभा राहिला. उत्तमरावांनी हात जोडले. त्यांनी ते ताबडतोब दोन्हीकडे वाचवले आणि, पुन्हा कोणाचा हात लागू नये म्हणून, यंत्रही बंद करून टाकले.

सुमेधा पदराला हात पुसत आली. "काय केलंत?"

"काढले सारे दंड. झालं!" ('झालं' हा शब्द त्यांनी मुद्दाम तिच्याच चालीवर म्हटला.)

"सारे?"

"सारे."

ती खुर्चीवर बसली. "बाबा, माझ्या भागात जे मुळातले दंड होते, तिथे दोन बाजूंनी दोन वाढून तीन-तीन झाले होते. मी तिळे शोधून आधी बाजूला ठेवणार होते आणि मग बाकीचे पुसणार होते. सगळं जसंच्या तसं परत आलं असतं. तुम्ही तिळेही पुसलेत. आता माझ्या निम्म्या पुस्तकात एकही दंड नाही."

"आणि माझ्या भागात?"

"तुमच्या भागात तुमच्या इंग्रजी काठ्या आहेत. जशाच्या तशा. एकही गेली नाही."

सार असे की, जे शुद्ध होते ते गेले होते आणि जे अशुद्ध म्हणून काढायचे होते ते सुखरूप होते. पुण्यतिथी गुरुवारी होती. छापखान्याने बुधवारी सकाळी पाने मागितली होती. तुळसाबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी रात्री यजमानांच्या पानात भात वाढला आणि आमटी वाढायची विसरल्या. हा त्यांच्या न बोलण्याचाच एक प्रकार होता.

आनंदीकाकींना हे कळू द्यायचे नाही, असे उत्तमरावांनी ठरवले. इतकी वर्षे भजन करतो आहोत, चरण कुठे संपतो एवढे आपल्याला कळत नाही काय? सकाळी त्यांनी सुमेधाच्या भागातला एक अभंग समोर घेतला आणि अंदाजाने दंड घातले. मग कागदावर छापून ते मंडळाच्या खोलीत गेले. तिथे गणपतबुवा पुण्यतिथीची तालीम घेत होते. गणपतबुवा हे मंडळाचे मुख्य गायक. आवाज खणखणीत, स्वभाव तसाच.

"बुवा, हा एवढा म्हणून पाहता का? नवा आहे, कोणी फारसा गायिलेला नाही."

बुवांनी कागद हातात घेतला, पखवाजवाल्याला खूण केली, डोळे मिटले, उघडले आणि कागदावर होते त्याप्रमाणे पहिला चरण भरल्या गळ्याने म्हटला:

"देव नाही ॥"

दंड आला म्हणून बुवा थांबले. पखवाजावर 'धा' पडली. बुवांनी कागदाकडे पुन्हा पाहिले आणि संशयाने पुढे म्हटले:

"दूर गेला माझा भ्रम ॥"

टाळकऱ्यांनी टाळ खाली ठेवले.

"उत्तमराव," गणपतबुवा म्हणाले, "बुधाजी संपात लाल झेंडा घेऊन पुढे होते, हे ठाऊक होतं आम्हाला. पण इतके पुढे गेले होते?"

"अहो, नाही हो! ते तसे नाही..."

"मग कसं? देव नाही, म्हणतो हा माणूस! ठणकावून म्हणतो! आणि वर म्हणतो, भ्रम दूर गेला! हे आम्ही त्याच्याच पुण्यतिथीला, विठ्ठलाच्या मूर्तीसमोर म्हणायचं?"

उत्तमरावांनी कागद हिसकून घेतला आणि घाम पुसत घरी आले. एका काठीच्या चुकीने त्यांनी एका संताला नास्तिक केले होते, आणि अजून निम्मे पुस्तक बाकी होते.

"जा," तुळसाबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"कुठे ते तुम्हाला ठाऊक आहे. काकींच्या पायावर डोकं ठेवा. तेवढंच एक यंत्र राहिलंय ज्याला तुम्ही हात लावला नाहीत."

आनंदीकाकी वळकटीवर बसून पान जमवीत होत्या. उत्तमरावांनी सर्व हकिगत सांगितली. 'निर्गुण' वगळले. काकींनी ऐकून घेतले, पान दाढेखाली सारले आणि विचारले, "माझ्या घोवाची गाणी मसाल्यासारकी कुटलंस?"

"काकी, चुकलो."

"चुकलंस ता कळला. आता रडतंस कित्याक? खय थांबूचा ता माका ठावक आसा. चल."

काकी आल्या. सुमेधाने त्या दिवशी रजा टाकली होती. तिने काकींना पंख्याखाली बसवले आणि सासऱ्यांना यंत्रापुढे. कामाची वाटणी अशी की, सुमेधा पडद्यावर बोट ठेवून जागा दाखवणार, काकी म्हणणार आणि काकी जिथे श्वास घेतील तिथे उत्तमरावांनी एकच कळ दाबायची. ती कळ सुमेधाने त्यांच्यासाठी खास ठरवून दिली आणि बाकीच्या कळफलकावर टॉवेल पसरला.

"पयला म्हणूचा खयचा?" काकींनी विचारले.

"'देव नाही' हा," उत्तमराव खालमानेने म्हणाले.

काकींनी डोळे मिटले. त्यांचा आवाज चिरका झाला होता, पण लय साच्याची होती. एक पाय जमिनीवर आपोआप ठेका धरू लागला.

"देव नाही दूर," काकी म्हणाल्या आणि श्वास घेतला. उत्तमरावांनी कळ दाबली. "गेला माझा भ्रम." कळ. "धोटा गाई नाम." कळ. "सुतामाजी."

सुमेधाचे बोट पडद्यावर थांबले होते. धोटा, म्हणजे साच्यावर इकडून तिकडे धावणारी ती सुताची नळी, उत्तमरावांना जणू ऐकू आली. टाइमकीपरच्या खिडकीतून ती रोज ऐकू येत असे. तेव्हा त्यांना तो केवळ आवाज वाटला होता.

"बुधा म्हणे आता. तुटो नये धागा. पांडुरंगा जागा. तूचि एक."

"काकी," सुमेधा हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही मला सांगितलंत तेव्हा हे इतकं..."

"तेवा तू घाईत होतंस गे," काकी म्हणाल्या. "पुढचा घे."

असे अभंगामागून अभंग सुरू झाले. काम सुरळीत चालले होते असे मात्र म्हणता येणार नाही. दुपारी वरळी कोळीवाड्याची बकुळा पाटी घेऊन जिन्याशी आली आणि नेमक्या त्याच वेळी काकी "नामाचिया पोटी" इथवर आल्या होत्या.

"गे बकुळा! सुंगटां कशी दिलंस?" काकींनी दाराकडे मान वळवून विचारले.

"ताजी हाईत, काकी! घ्या ना!"

"ताजी म्हणजे कालची ना गे?"

उत्तमरावांनी इमानेइतबारे तीनदा कळ दाबली.

"बाबा!" सुमेधा ओरडली. "तो दंड नाही, ती कोलंबी आहे!"

"श्वास घेतला त्यांनी!"

"भाव करायला घेतला!"

पुढे काकींना ठसका लागला तेव्हा चार दंड पडले, आणि त्या मधेच जरा पेंगल्या तेव्हा उत्तमरावांचे बोट हवेत तसेच उभे राहिले. तुळसाबाई चहा घेऊन आल्या आणि ते बोट पाहून म्हणाल्या, "बघ गं सुमेधा, आयुष्यात पहिल्यांदा हे सांगितल्यावाचून काही करत नाहीत. या यंत्राचा फोटो काढून ठेव." सुमेधाने कोलंबीचे आणि ठसक्याचे दंड पुसले. दिवेलागणीला शेवटचा अभंग संपला.

"माझा भाग झाला," सुमेधा म्हणाली. "आता तुमचा."

तिने कळफलकावरचा टॉवेल काढला. वरच्या चौकटीत || टाकले, खालच्यात ॥ टाकले. तिसरी, लहान चौकट रिकामी आहे याची तिने खात्री केली आणि सासऱ्यांनाही करू दिली. बटण दाबले. डोळ्याचे पाते लवण्याच्या आत उत्तमरावांच्या साऱ्या वाळक्या काठ्या अंगाने भरल्या.

"एवढेच?" उत्तमरावांनी विचारले.

"एवढंच, बाबा. मी त्या दिवशी जेवताना हेच सांगत होते."

उत्तमरावांनी कपबशीकडे पाहिले. चहा अजून निवला नव्हता.

"सुरुवातीची दोन पानं तुमची आहेत, संपादकाची," सुमेधा म्हणाली. "ती जरा डोळ्यांखालून घाला हं. मी फार दमले."

"माझे लिखाण मीच तपासायचे?" उत्तमराव दुखावल्या स्वरात म्हणाले. "त्यात अभंग कुठे आहेत? ते जसे लिहिले तसेच आहे."

गुरुवारी मंडळाची खोली भरली होती. बुधाजीबुवांच्या तसबिरीला हार घातला होता. छापखान्यातून आलेल्या पुस्तकाचा गठ्ठा दुपारीच सुटला होता आणि शाईचा वास मसाल्याच्या वासाला पुरून उरला होता. पहिली प्रत आनंदीकाकींच्या हाती दिली. त्यांना अक्षरे नीट दिसत नव्हती. त्यांनी पान डोळ्यांशी नेले, लांब धरले, मग ओळीवरून बोट फिरवत गेल्या आणि दंडापाशी थांबल्या.

"हे उभे दिसतत माका," त्या म्हणाल्या. "जाड आसत. बरे दिसतत." मग पुस्तक तसबिरीपुढे ठेवून, पदर सावरून, बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. खाली बसल्या तेव्हा म्हणाल्या, "आता गाडी धरूक हरकत नाय."

उत्तमरावांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. गणपतबुवांनी ते पाहिले आणि अशा प्रसंगी संपादकाचाही सन्मान व्हावा या उदात्त हेतूने (संपादकाचे दोन शब्द मंडळात आजवर कोणी वाचले नव्हते, हेही खरे) त्यांनी पहिले पान उघडून खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. सुरुवातीचे आभार झाले. ईश्वरस्मरण झाले. उत्तमरावांनी नम्रतेने मान खाली घातली. शेवटचे वाक्य आले.

"'या ग्रंथात आरंभी ॥ अशी अशुद्ध खूण होती,'" बुवांनी वाचले आणि थांबले. पान उलटले. आणखी एक उलटले. "उत्तमराव, ही अशुद्ध म्हणता ती पुस्तकात पानोपानी आहे की हो!"

उत्तमरावांची मान खालीच राहिली. मात्र तिच्यातली नम्रता गेली. सुमेधाच्या शेवटच्या बटणाने संपादकाच्या शब्दांतल्या वाळक्या काठ्याही अंगाने भरल्या होत्या.

"पुढं वाचा, बुवा," टाळकऱ्यांतून कोणी म्हणाले.

"'ती काढून आम्ही सर्वत्र...'" बुवांनी पुस्तक दिव्यापाशी नेले. तिरपे धरले. त्या जागी कागद कोरा होता. तिथला दंड त्या संध्याकाळी सुमेधा मोरीत असताना पुसला गेला होता. "'सर्वत्र... अशी शुद्ध खूण केली आहे.' कशी? कुठे आहे शुद्ध खूण? इथे तर काहीच नाही!"

सारी खोली उत्तमरावांकडे पाहू लागली. सुमेधाने तोंडाला पदर लावला.

बायकांच्या बाजूने तुळसाबाईंचा शांत आवाज आला.

"ती निर्गुण आहे, बुवा. आमच्याकडे पुष्कळ निघाली."